धरणावरचा बोटीचा घाट पुन्हा बांधताय? या चुका टाळा

विदर्भातल्या बऱ्याच जलाशयांवर एक फुटका घाट असतोच. सिमेंटचा उतार, वर टिनाचं शेड, दोन मोडकी बाकडी आणि कायम कुलूप लागलेलं शौचालय. मग कधीतरी जिल्हा नियोजनातून निधी येतो, ग्रामसभेत ठराव होतो आणि तेच सगळं नव्यानं बांधायला निघतं. बांधायलाच पाहिजे. ढिवर-भोई समाजाचा मासेमारीचा रोजचा धंदा त्याच उतारावरून चालतो, सुटीच्या दिवशी बाहेरची कुटुंबं येतात, गावातल्या पोरांच्या हाताला काम मिळतं. दुःख एवढंच, की नवं बांधकामही बहुतेक जुन्याच कारणांनी फुटतं. कारण जुनं का फुटलं, हे कुणी खाली उतरून पाहिलेलंच नसतं.

भरल्या तलावाकडे पाहून नकाशा काढणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. पाहणी होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा पाणी पूर्ण संचय पातळीला, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरच्या पातळीला टेकलेलं असतं, काठ हिरवा असतो, फोटो छान येतात. उतार त्या पाण्यापर्यंत आखला जातो. मग रब्बीच्या पाणीपाळ्या सुटतात, मार्चपासून ऊन तापतं आणि मे महिन्यात घाटाचं शेवटचं टोक उघड्या, भेगाळलेल्या गाळावर संपतं. पाणी तिथून दोनशे-तीनशे मीटर लांब. डोंगा खांद्यावर घेऊन चिखलातून जायचं, नाहीतर घाट सोडून दुसरीकडून उतरायचं. लोक दुसरीकडून उतरतात, आणि घाट ओस पडतो.

उपाय कागदावरच आहे. प्रत्येक धरणाच्या शाखा कार्यालयात रोजच्या पाणीपातळीची नोंद ठेवलेली असते. मागच्या दहा-पंधरा वर्षांचे आकडे मागून घ्या आणि त्यातली दरवर्षीची सगळ्यात खालची पातळी काढा. उताराचं टोक त्याच्याही साधारण एक मीटर खाली गेलं पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यातही बोट पाण्यात तरंगून सुटेल. बोट ट्रेलरवरून उतरवायची तर उतार 12 ते 15 टक्के असावा: शंभर फूट गेल्यावर बारा ते पंधरा फूट खाली. त्याहून सपाट असेल तर गाडीची चाकं बुडाली तरी बोट तरंगत नाही, त्याहून उभा असेल तर भरलेली गाडी वर निघत नाही. पातळीतला फरक सहा मीटर असेल, तर 13 टक्क्यांनी उताराची लांबी साधारण 46 मीटर होते. एवढा निधी आहे का, हे आधी बघा आणि मग बाकड्यांचा रंग ठरवा.

आपल्याकडचे बरेच जलाशय उथळ आणि पसरट. काठाची जमीन शंभर मीटरला दोनच मीटर उतरत असेल, तर सहा मीटरसाठी तीनशे मीटर जावं लागेल. तिथे एकच लांबलचक उतार रेटू नका. भरल्या पाण्यासाठी एक छोटा घाट आणि उन्हाळ्यासाठी दुसरा, जिथे जुन्या नदीचं किंवा नाल्याचं पात्र काठाजवळून जातं तिथे. ती जागा नकाशापेक्षा म्हातारे ढिवर अचूक सांगतात. त्यांना सोबत घेऊन मे महिन्याच्या शेवटी काठानं चालत जा. त्याच वेळी गाळपेराकडेही लक्ष द्या. पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते, ती कुणीतरी कसत असतं, तिथे हरभरा किंवा टरबूज असतं. रस्ता त्यातून न्यायचा तर त्या माणसाशी आधी बोला. काम सुरू झाल्यावर बोलणं म्हणजे भांडण.

काळ्या मातीवर थेट गिट्टी टाकणं

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि फाटते. घाटाखालची माती तर दरवर्षी हे दोन्ही करते: चार-सहा महिने पाण्यात, बाकीचे दिवस पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. वर काँक्रीट कितीही जाड ओता, खालची जमीन हलली की ते फुटणारच. पूर्णा खोऱ्यात तर काळी माती कित्येक मीटर खोल आहे, ती सगळी काढणं शक्यच नाही. भंडारा-गोंदियाकडे मुरूम लवकर लागतो, तिथे काम सोपं.

जमेल तेवढी काळी माती काढा आणि तिथे न फुगणारा मुरूम भरा, निदान दोन-तीन फूट. एकदम नाही, वितभर-वितभर थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून. आपल्या कालव्यांच्या अस्तरीकरणात हीच पद्धत वापरतात. त्यावर गिट्टीचा थर आणि काँक्रीटमध्ये पाणी झिरपून बाहेर यायला छिद्रं ठेवा. कारण धरणाची पातळी भराभर उतरते तेव्हा फरशीखाली अडकलेलं पाणी तिला खालून उचलतं.

आधीचा घाट का फुटला, ते भेगाच सांगतात. लांबीच्या दिशेनं लांबलचक, वळणं घेत जाणारी भेग, एक बाजू वर आलेली: माती फुगली. फरशी मध्ये बसलेली, कडा उभ्या: खालचा भराव वाहून गेला. सगळ्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा: पाणी नीट मारलं नाही. तिन्हींचं औषध वेगळं आहे आणि आपल्याकडे तिन्हींना एकच औषध दिलं जातं: वरून सिमेंटचा इंचभर मुलामा.

तो मुलामा टाकू नका. बिलात छान दिसतो, पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्रा होऊन निघतो. त्याऐवजी एक लोखंडी सब्बल घ्या आणि जुन्या फरशीवर दर दोन-तीन फुटांवर आपटत चला. घट्ट जागी ठणठणीत आवाज येतो, हाताला झिणझिण्या येतात. पोकळ जागी आवाज भद्द येतो. तिथे खडूनं गोल करा. अर्ध्या तासात सगळ्या घाटाचा नकाशा तुमच्यासमोर येतो. गोल थोडे असतील आणि फरशी तुटलेली नसेल, तर छिद्रं पाडून सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, भरून काम भागतं. गोलच गोल असतील तर ते तोडा. अर्धवट वाचवलेल्या फरशीवर पैसा घालण्यात काही हशील नाही.

मे महिन्यातलं काँक्रीट

पाणी सगळ्यात खाली मे-जूनमध्ये असतं, म्हणून खालचा भाग तेव्हाच ओतावा लागतो. नेमकं तेव्हाच ऊन काँक्रीटचं पाणी शोषून घेतं. दुपारी बारा वाजता ओतलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत भेगाळलं, तर सिमेंटला दोष देऊ नका. पहाटे सुरू करा, नऊ-साडेनऊला थांबा. गिट्टीवर आदल्या रात्रीपासून ओली पोती ठेवा. उतारावर आळं करून पाणी थांबत नाही, त्यामुळे पोती अंथरून ती सतत ओली ठेवणं हाच मार्ग. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. कोरड्या, तापत्या हवेत त्याला चौदा दिवस पाणी हवं. समोर धरणात पाणी असताना ते मारायला माणूस नव्हता म्हणून घाट फुटावा, याचा मला फार राग येतो. अंदाजपत्रकात त्या माणसाची चौदा दिवसांची मजुरी वेगळी लिहा.

आणि फरशी गुळगुळीत करू नका. गवंड्याला थापी फिरवून आरसा करायची सवय असते. ओल्या काँक्रीटवर बोटभर खोल खाचा पाडा, थोड्या तिरक्या, म्हणजे पाणी आणि गाळ कडेला निघून जाईल. शेवाळ तरीही धरतंच. पाणी उतरेल तसा तारेच्या ब्रशनं तो पट्टा घासावा लागतो. गाळ ओला असतानाच फावड्यानं ओढावा. वाळला की कुदळ लागते, आणि कुदळीनं खाचा जातात.

टोकाला पडणारा खड्डा

तक्रार ठरलेली असते: गाडी मागे घेताना चाक पाण्याखाली एकदम खाली गेलं. कारण पाण्याबाहेरून दिसत नाही. इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवली की पंख्याचा झोत उताराच्या टोकाची माती उकरतो. तिथे बारीक गिट्टी टाकून उपयोग नाही, ती पुढच्या आठवड्यात वाहून जाते. दोन माणसांना उचलणार नाहीत असे दगड नीट बसवून टाका, आणि इंजिन बंद करून दोरीनं बोट ओढायची, असा फलक मराठीत लावा.

तरंगता धक्का बसवत असाल तर तो ठरावीक लांबीच्या दोरीनं बांधू नका. पाणी उतरलं की एक बाजू काठावर लटकते आणि सांधे तुटतात. उभ्या खांबांवर कडी सरकेल अशी सोय करा. एप्रिल-मेमधल्या अवकाळी वादळाचा हिशोबही त्यातच धरा.

शौचालय पाण्याच्या दिशेला

वरून दिसायला छान म्हणून शौचालय घाटाच्या जवळ, उताराच्या डोक्यावर बांधतात. शोषखड्डा काळ्या मातीत. काळी माती पाणी शोषत नाही, म्हणून खड्डा पहिल्याच पावसात भरतो आणि घाण सरळ जलाशयात. हेच पाणी लोक पितात: काटेपूर्णाचं अकोल्याला जातं, अप्पर वर्धाचं अमरावतीला. शौचालयाची टाकी पूर्ण संचय पातळीपासून उंच आणि लांब घ्या, जलाशयाच्या उलट दिशेला उतार असेल तिथे. शोषखड्ड्यावर विसंबू नका. टाकी मोठी बांधा आणि तिच्यापर्यंत उपसा करणारी गाडी जाईल इतका रस्ता ठेवा. बायकांच्या शौचालयाला आतून कडी, आत उजेड आणि पाणी नसेल तर ते बांधलंच नाही असं समजा.

तिकीटघर आधी, गावकरी नंतर

सुशोभीकरण म्हणजे कुंपण, फाटक आणि तिकीटघर, अशी समजूत झाली आहे. त्यात मच्छीमार संस्थेच्या सभासदांचे डोंगे बाहेर राहतात. त्यांची पहाटेची वेळ, जाळी वाळवायची जागा, मासे तोलायचं शेड हे नकाशात पहिल्या दिवसापासून दिसलं पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला येतात, त्यांच्यासाठी मुरमाचा वेगळा सपाट उतार ठेवा. खाचांच्या काँक्रीटवर खूर सुटतो. देवी-गणपतीचं विसर्जनही वेगळ्या कुंडात. चाकाच्या खुर्चीला 1:12 पेक्षा जास्त चढ झेपत नाही, म्हणजे बोटीच्या उतारावरून ती जाऊच शकत नाही. तिला धक्क्यापर्यंत स्वतंत्र वाट लागते.

झाडं लावताना पूर्ण संचय पातळीजवळ कडुनिंब लावू नका, साचलेल्या पाण्यात तो मरतो. तिथे अर्जुन, करंज. निंब वर, गाड्या उभ्या राहतात तिथे.

लाइफ जॅकेट कपाटात

14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जण गेले. त्याआधी 9 जुलै 2017 ला नागपूरजवळ वेणा जलाशयात फिरायला गेलेली तरुण पोरं नाव उलटून बुडाली. घाट बांधला की माणसं बोटीत बसणार, आणि काम तिथूनच सुरू होतं. प्रत्येक बोटीवर किती माणसं बसतील हा आकडा मोठ्या अक्षरात रंगवा. जॅकेट अंगात असल्याशिवाय दोरी सोडायची नाही, लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी. इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार करून घ्या. दोरी बांधलेली हवेची ट्यूब घाटावरच्या खांबाला टांगलेली असावी, खोलीत कुलूपबंद नको.

उद्‌घाटनानंतर कोण

जमीन जलसंपदा विभागाची, निधी दुसऱ्याचा, बांधकाम तिसऱ्याचं, आणि विजेचं बिल ग्रामपंचायतीच्या नावावर. एका ठिकाणी बिल थकलं, मीटर कापलं गेलं आणि पंपाअभावी शौचालय दोन महिन्यांत बंद पडलं. म्हणून काम सुरू होण्याआधी ना-हरकत पत्रासोबतच एक साधा करारनामा करा: झाडू कोण मारणार, बिल कोण भरणार, तिकिटाचे पैसे कोणत्या खात्यात, मच्छीमार संस्थेचा वाटा किती. कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे निघालेला दोष त्यानंच दुरुस्त करायची मुदत, संपायच्या आधी निदान एकदा मे महिना त्यात आला पाहिजे, हे तारखा बघून ठरवा. त्या मे महिन्यात सरपंच, शाखा अभियंता आणि संस्थेचा एक माणूस असे तिघं उघड्या पडलेल्या घाटावर सब्बल घेऊन टोकापर्यंत उतरतील, जिथे भद्द वाजेल तिथे खडूनं गोल करतील आणि त्याची यादी कंत्राटदाराला त्याच आठवड्यात लेखी देतील. अनामत रक्कम त्यानंतर सोडा.