ओपनडब्ल्यूआरटी टाकण्याआधी: नागपूरच्या घरासाठी तयारीची यादी

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राऊटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर. राऊटर उलटा करा आणि खालच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तयारी इथूनच सुरू होते, कारण नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं हार्डवेअर व्हर्जन तेवढंच महत्त्वाचं असतं. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या. नाव तेच, पण व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे आणि व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची. एकाची ओपनडब्ल्यूआरटीची फाइल दुसऱ्याला चालत नाही. व्हर्जन २ मध्येही युरोपचा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. नवा राऊटर घ्यायचा असेल तर माझा आग्रह असतो की सीताबर्डीला दुकानात जाऊन घ्या. ऑनलाइन विकणारे व्हर्जन क्वचितच लिहितात. दुकानात खोका हातात घेऊन स्टिकर वाचता येतं आणि मगच पैसे देता येतात.

व्हर्जन कळलं की ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरच्या हार्डवेअर तक्त्यात ते शोधा आणि दोन आकडे बघा, फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि रॅम (चालू कामाची मेमरी). ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या जुन्या राऊटरचा नाद सोडा. ८ आणि ६४ हे अगदी किमान, त्यात पुढे काही जोडायला जागा उरत नाही. १६ आणि १२८ असेल तर निवांत काम होतं. चिप ब्रॉडकॉमची असेल तर वायफाय नीट चालेल याची आशा कमी ठेवा. त्यांचे खुले ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) नीट मिळत नाहीत, आणि वायफायच चालणार नसेल तर एवढा खटाटोप कशाला? मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपांचा अनुभव चांगला आहे.

मुळात हे करावं का, असं घरचे विचारतात तेव्हा मी त्यांना २००२ साली आलेल्या लिंकसिसच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरबद्दल सांगतो. त्याच्या आत लिनक्स होतं, आणि कोड खुला ठेवायची अट घालणाऱ्या लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज आपल्याकडे कपाटात पडलेले कितीतरी राऊटर धडधाकट असतात, फक्त कंपनीने त्यांचे सुरक्षा अपडेट बंद केलेले असतात. त्या हार्डवेअरला पुढची काही वर्षं मिळणार असतील तर एक सुट्टीचा दिवस त्यासाठी द्यायला मला काहीच वावगं वाटत नाही.

ज्यांना जुन्यावर प्रयोग नकोत त्यांच्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरात आलेला ओपनडब्ल्यूआरटी वन आहे. बनाना पाय ही कंपनी तो बनवते. मीडियाटेकचा फिलॉजिक प्रोसेसर, १ जीबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश, आणि शिवाय दुरुस्तीची प्रत ठेवायला वेगळी छोटी फ्लॅश, त्यामुळे सॉफ्टवेअर बिघडलं तरी परत उभा करता येतो. घेण्याआधी एक लक्षात घ्या: त्याला लॅन पोर्ट एकच आहे. टीव्ही, डेस्कटॉप आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर तारेने जोडलेला असेल तर सोबत पाच पोर्टचा स्विच लागेल.

आता इंटरनेट देणाऱ्याला फोन. हे काम सोमवार ते शुक्रवार कामाच्या वेळेत उरका, रविवारी फोन कोणी उचलत नाही. सरळ विचारा: “भाऊ, आपलं कनेक्शन पीपीपीओई आहे का? असेल तर युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. व्हीलॅन आयडी लागतो का, आणि मॅक बाइंड केलेला आहे का, तेही सांगा.” पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारं कनेक्शन, आणि व्हीलॅन आयडी म्हणजे काही कंपन्या लाइनला लावतात तो क्रमांक. मॅक बाइंडचा प्रश्न विसरू नका. गल्लीतले बरेच केबलवाले जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) आपल्या सिस्टीममध्ये बांधून ठेवतात. नवा राऊटर लावला की सगळं बरोबर असूनही नेट येत नाही. जुन्या राऊटरचा वॅन मॅक (इंटरनेटच्या पोर्टचा मॅक पत्ता) आधीच लिहून घेतलेला असेल तर तोच नव्यात टाकता येतो. फायबर असेल तर भिंतीवरचा ओएनटी डबा (ज्यात फायबर येऊन लागतं) तसाच राहू द्या, तो बदलायचा नाही. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकून मिळतं का ते विचारा, म्हणजे तो नेट फक्त पुढे देईल आणि बाकी काम आपला राऊटर करेल. नाही म्हणाले तरी आपला राऊटर त्याच्यामागे चालतोच. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल तर ब्रिज केल्यावर फोन चालू राहील का, हे त्यांच्याकडून आधी वदवून घ्या.

डाउनलोड आदल्या रात्री. फर्मवेअरच्या, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, दोन फाइली दिसतील. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवरून पहिल्यांदा जाताना ‘फॅक्टरी’ लागते, आणि एकदा ओपनडब्ल्यूआरटी आलं की पुढच्या अपडेटला ‘सिसअपग्रेड’. दोन्ही घ्या. कंपनीचं मूळ फर्मवेअरही घ्या, परत फिरावं लागलं तर तेच कामी येतं. तुमच्या मॉडेलचं पान पीडीएफ करून लॅपटॉपवर ठेवा, कारण ऐन वेळी वाचायला नेट नसेल. प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखायची खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल चढवली तर राऊटर उठायचा नाही.

लॅपटॉपला लॅन पोर्ट आहे का? हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना नसतो. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा वायफाय सहसा बंदच असतं, तारेशिवाय आत शिरता येत नाही. यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर आणि एक चांगली पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना पिन असलेली तयार लॅन केबल) आणून ठेवा. घरात नवी वायरिंगही टाकणार असाल तर कॅट६ लॅन केबल घेताना दुकानदाराला तुकडा कापायला सांगा आणि आतली तार ब्लेडने हलकेच खरवडा. खाली चकचकीत पांढरं निघालं तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम आहे. पाइपातून एकदा ओढलेली केबल कोणी पुन्हा काढत नाही, तिथे पूर्ण तांब्याचीच घाला.

बिघाड झालाच तर त्याचीही तयारी हवी. बऱ्याच टीपी-लिंक मॉडेलांत लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन, टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाइल देण्याची साधी पद्धत) ठरावीक नावाची फाइल ठेवून, रिसेट दाबून राऊटर चालू केला की तो स्वतः ती फाइल ओढून घेतो. तुमच्या मॉडेलला फाइलचं नाव काय लागतं ते लिहून ठेवा, टीएफटीपीचं सॉफ्टवेअर टाकून ठेवा. विंडोजचा फायरवॉल यात हमखास आडवा येतो, तेवढ्यापुरता बंद करायचा.

विजेचा विषय नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर राऊटर मरू शकतो. मे-जूनमध्ये दुपार कलली की वादळ येतं आणि लाइन जाते, म्हणून हे काम सकाळी करा, तेही राऊटर मिनी यूपीएसवर ठेवून. यूपीएस विकत घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे, पण ९ व्होल्टवालेही आहेत, अँपिअर कमी पडता कामा नये, आणि पिनेचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे. फायबरवाल्यांना दोन आउटपुटचा यूपीएस लागेल. नुसता राऊटर चालू आणि ओएनटी बंद असेल तर नेट कुठून येणार?

जागेबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली दुपारी चाळीसच्या वर सहज जाते. त्यात टीव्ही युनिटच्या बंद खणात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर राऊटर ठेवला की तो भाजतो, मग अडखळतो, आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो. आतल्या भिंतीवर, उघडा, माणसाच्या उंचीइतका टांगा. खिळा ठोकण्याआधी कूलर कुठे बसतो ते आठवा. हिवाळ्यात खिडकी मोकळी असते आणि सिग्नल पोचतो. एप्रिलमध्ये तिथे पत्र्याचा भलामोठा कूलर येतो, टाकीत पाणी भरलं जातं, आणि पलीकडच्या खोलीत वायफाय मरगळतं. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो शोषतं. लोखंडी कपाटाचंही तेच. महाल भागातल्या जुन्या वाड्यात जाड भिंतींमुळे एक राऊटर पुरतच नाही. तिथे दुसरा जुना राऊटर तारेने जोडून नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा डबा) करावा, महागड्या मेशच्या (अनेक डब्यांच्या वायफाय संचाच्या) आधी हे करून बघा. धुळीने जाळ्या बुजतात, तेव्हा दर दोन महिन्यांनी ब्रश फिरवा.

खांबावरून तांब्याची लॅन केबल थेट घरात येत असेल तर पावसाळ्याआधी फायबरसाठी पाठपुरावा करा. कडाडून वीज पडली की त्या तारेवाटे राऊटरचा पोर्ट जातो. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण अडॅप्टरवाटे येऊ शकतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढलेला बरा.

फर्मवेअर चढवून झाल्यावर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. रूटला (मुख्य खात्याला) पासवर्ड नसतो, तो सर्वांत आधी टाका. नंतर वायफायमध्ये देशाचा कोड भारत निवडा. २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे बरेच पट्टे बिनपरवाना वापरता येतात, पण कोड चुकीचा असेल तर चॅनेल आणि ताकद दोन्ही चुकीची ठरतात. काही चॅनेलवर राऊटर आधी मिनिटभर रडारचा कानोसा घेतो आणि मगच दिसतो, तेवढा धीर धरा.

शेवटी एसक्यूएम, म्हणजे एका मोठ्या डाउनलोडने बाकीच्यांचं नेट अडू नये म्हणून रांग लावणारी सोय. त्यासाठीचं मोजमापही आधीच करून ठेवायचं आहे: रात्री नऊच्या सुमारास, तारेने जोडून, स्पीड तपासा आणि मोठी फाइल उतरत असताना पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) किती चढतो ते लिहा. १०० एमबीपीएस मिळत असतील तर एसक्यूएममध्ये साधारण ९० टाका, रांग लावण्याची पद्धत ‘केक’ निवडा, आणि तीच चाचणी पुन्हा करा. पोरगं गेम डाउनलोड करत असतानाही तुमचा व्हिडिओ कॉल तुटत नसेल तर आकडा जमला. मोठ्या प्लॅनवर जुन्या प्रोसेसरला हे झेपत नाही; तसं दिसलं तर ते बंद ठेवा. सगळं मार्गी लागलं की सिस्टीममधून बॅकअपची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिच्या नावात तारीख घाला.