थीसिसशिवाय एम.एस. : फॉर्म भरण्याआधी डिग्रीचे नियम वाचा

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी), बेळगावात मेकॅनिकलची बी.ई. पुढं दोन वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत काढली आणि अमेरिकेत कोर्सवर्कची, म्हणजे थीसिस (शोधप्रबंध) न लिहिता नुसते कोर्स करून मिळणारी, एम.एस. ही मास्टर्सची डिग्री केली. आता तालुक्यातली मुलं फोन करतात, "दादा, सीजीपीए किती लागतो? जीआरई लागते काय?" बी.ई.ची सरासरी, जीआरईची प्रवेश परीक्षा, असं प्रवेशाचं सगळे विचारतात, डिग्री हातात पडायला काय लागतं ते कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तिकडं ही डिग्री बहुतेक ठिकाणी 30 क्रेडिटची असते. एक कोर्स 3 क्रेडिटचा, म्हणजे दहा कोर्स. थीसिस नाही. पण दहाही कोर्स मनाला येतील ते घेता येत नाहीत. काही विभागानं ठरवलेले, एखादा गणिताचा, आणि बी.ई.च्या पातळीचे किती चालतील यालाही मर्यादा. हे सगळं प्लॅन ऑफ स्टडीच्या फॉर्मवर लिहून सल्लागार प्राध्यापकांची सही घ्यायची असते. मी पहिल्या सेमिस्टरला सहीच्या आधीच मॅनेजमेंटचा एक कोर्स घेतला. ए ग्रेड आली, खूशही झालो. शेवटी हिशेब करताना कळलं, तो विभागाच्या यादीतच नाही! तीन क्रेडिटची फी गेली, एक सेमिस्टर वाढलं. घर तारण ठेवून कर्ज काढलेलं; बाबांना फोनवर सांगताना तोंडातून शब्द फुटेना. म्हणून कळकळीनं सांगतो, कोर्स कितीही चांगला असू दे, आधी यादीत बसतो का बघा.

ग्रेडची सरासरी साधारणपणे 4 पैकी 3.0 च्या खाली जाऊन चालत नाही. पहिल्या सेमिस्टरला तीनच कोर्स घ्या. बहुतेक विद्यापीठांत 9 क्रेडिट म्हणजे फुल टाइम, व्हिसालाही तेवढे पुरतात.

थीसिसवाल्यांना प्राध्यापकांच्या प्रोजेक्टमधून पैसे मिळू शकतात. कोर्सवर्कवाल्यांनी ते धरून कर्जाचा आकडा कमी करू नये. पुढं पीएच.डी. करायची असेल तर थीसिसच घ्या. नोकरीच करायची असेल तर माझ्या मते कोर्सवर्कचा रस्ता चांगला.

कागदपत्रांत आपल्याकडच्या मुलांना नडतं ते नाव. मार्क्स कार्डावर नावापुढं इनिशियल आणि पासपोर्टावर पूर्ण आडनाव, त्यात स्पेलिंग एकीकडं एक, दुसरीकडं दुसरं. हे बी.ई.च्या सातव्या सेमिस्टरलाच तपासा. व्हीटीयूचं, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, ज्ञानसंगम हे आवार आपल्या मच्छेतच आहे खरं, पण जवळ आहे म्हणून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा विद्यापीठाचा दाखला) शेवटच्या महिन्यावर टाकू नका. जीआरईचा स्कोअर 5 वर्षं चालतो, आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा 2 वर्षंच. परीक्षेची तारीख त्या हिशेबानं धरा.

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, मात्र स्वतः लिहा. माझ्या पहिल्या खर्ड्यात लहानपणापासून यंत्रांची आवड वगैरे होतं, ते फाडून टाकलं. मग फौंड्रीत पंपाच्या बॉडीला ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून पडणारी भोकं) येऊन माल परत यायचा, तेव्हा आम्ही साच्याच्या वाळूतला ओलावा रोज मोजायला लागलो, ते लिहिलं. इंग्रजी साधंच होतं, वाक्यं आखूड. पण ती वाळू मी स्वतःच्या मुठीत दाबून बघितलेली होती, त्यामुळं लिहिताना कुठं अडलं नाही.