उपवासाच्या ताटातील शब्दांचा माग कसा काढावा

ओळखीच्या शब्दाचा उगम शोधताना शब्दाचे वय आणि त्या शब्दाने दाखवलेल्या वस्तूचे वय या दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या कराव्यात. सरावासाठी साबुदाण्याच्या खिचडीचे ताट घ्यावे, कारण इतक्या निरनिराळ्या वाटांनी आलेली नावे एकाच ताटात क्वचितच सापडतात.

प्रथम वस्तू कोठून आली ते पाहावे. बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो तो कसाव्याचा कंद, ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील असून १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतरच ती भारतात आली. त्यामुळे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या १२९० साली ही खिचडी अस्तित्वात असणे शक्यच नव्हते. परंपरेने इतके आपले वाटणारे ताट एवढे अलीकडचे असावे, हे मला आजही थक्क करते.

यानंतर नवागत वस्तूला नाव कसे मिळाले, हा प्रश्न विचारावा. कधी वस्तू आपले नाव बरोबर घेऊन येते. ‘बटाटा’ हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द; तो पोर्तुगिजांमार्फत आपल्या किनाऱ्यावर आला आणि इथे वेगळ्याच कंदाला चिकटला. अशा वेळी शेजारच्या भाषा अवश्य ताडून पाहाव्यात: कोंकणी आणि गुजराती या किनाऱ्यावरच्या भाषांत याच कुळातील शब्द आहेत, तर हिंदीने ‘आलू’ हे जुने कंदवाचक नाव वापरले. समुद्रमार्गाने आलेल्या शब्दाची ही चांगली खूण आहे.

कधी जुनेच नाव नव्या वस्तूला दिले जाते. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. ‘मिरची’ हे नाव त्याच कुळातले, परंतु वनस्पती सर्वस्वी वेगळी. म्हणून जुन्या ग्रंथात मिरीवाचक शब्द आढळला, एवढ्यावरून मिरची प्राचीन ठरवू नये. भुईमुगाचे नाव मात्र इथेच घडले: फुलाचा देठ वाकून जमिनीत शिरतो आणि शेंग भुईत धरते, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याची नजर त्या नावात आहे. सर्वांत गुंतागुंतीची कथा साबुदाण्याची. त्यातील ‘साबु’ हा मलय भाषेतील ‘सागू’पासून आला असून ते एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठाचे नाव आहे. तमिळनाडूतील सेलम परिसरात १९४०च्या दशकापासून कसाव्याच्या पिठाचा साबुदाणा होऊ लागला; पीठ बदलले, नाव तेच राहिले.

आता कोश उघडावेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि यादवकालीन मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. मोल्सवर्थ अनेक शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी अशी मुळाची खूणही देतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश (१९४६) हाताशी असावाच. पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्यातील आसगावचे सुपुत्र सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा १९१३चा ग्रंथ अजूनही मोलाचा आहे. दोन कोशांत मतभेद असतील, तर दोन्ही मते टिपून ठेवावीत.

शेवटची कसोटी ध्वनींची, आणि लोकप्रिय कथा बहुधा इथेच गळून पडतात. पीठ पायांनी तुडवत म्हणून ‘पाव’, ही कथा सर्वांनी ऐकलेली असते. पोर्तुगीज भाषेत पावाला ‘पाँव’ म्हणतात, तर जाहीर विक्रीच्या बोलीला ‘लेइलाँव’; मराठीत पहिल्याचा ‘पाव’ झाला आणि दुसऱ्याचा ‘लिलाव’. शेवटचा अनुनासिक ध्वनी दोन्हीकडे सारखाच बदलला आहे, आणि असा नियमित बदल हा चटकदार कथेपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा असतो. हीच कसोटी ‘साबण’ शब्दाला लावून पाहावी. पोर्तुगीज ‘साबाँव’पासून तो आला असता, तर शेवटी ‘व’ अपेक्षित होता. त्याऐवजी ‘ण’ आहे, म्हणून अरबी-फारसी ‘साबून’ हाच मार्ग मला अधिक पटतो.