होम थिएटरचा आवाज सुधारताना पैसे कुठे घालावेत

होम थिएटरचा आवाज मनासारखा लागत नाही म्हणून थेट नवा रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारे मुख्य यंत्र, आणण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु कानाला नेमके काय खटकते हे ठरवल्याशिवाय केलेला असा खर्च बरेचदा वाया जातो. त्यासाठी चांगल्या परिचयाच्या चित्रपटातील दोन प्रसंग निवडावेत, एक हलक्या आवाजातील संवादांचा आणि दुसरा स्फोटांचा किंवा पाठलागाचा, आणि नेहमीच्या जागी बसून ते लक्षपूर्वक ऐकावेत.

संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवायचा आणि धुमश्चक्री सुरू होताच तो घाईघाईने उतरवायचा, अशी रिमोटशी झटापट चालू असेल, तर आधी टीव्हीजवळ मधोमध असलेल्या सेंटर स्पीकरकडे पाहावे, कारण ५.१ ध्वनिपटात (पाच स्पीकर आणि खर्जासाठीचा एक सबवूफर अशा रचनेत) संवादांचा बहुतांश भार त्याच्यावरच असतो. तो कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला असल्यास कडेपर्यंत पुढे ओढावा, टीव्हीच्या खाली असल्यास पुढून किंचित उचलून त्याचे तोंड कानांच्या दिशेने करावे आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. एवढे करूनही शब्द पुसटच राहिले, तरच पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरशी जुळणारा, शक्यतो त्याच मालिकेतील, चांगला सेंटर स्पीकर घ्यावा.

पुढचे स्पीकर लहान असतील आणि सबवूफर नसेल, तर माझ्या मते पहिला मोठा खर्च सबवूफरवरच करावा. साधारणपणे ८० हर्ट्झखालचे ध्वनी त्याच्याकडे वळवतात, त्यामुळे लहान स्पीकरवरचा ताण उतरतो. मात्र खर्जाच्या बाबतीत खोलीही आपला हिशेब लावते. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला ध्वनिलहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते. ती भिंतीजवळ घुमते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. म्हणून सबवूफर कमकुवत ठरवण्यापूर्वी तो काही वेळ आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा, खर्जाचा एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवावा आणि भिंतीकडेने रांगत जाऊन खर्ज कुठे भरीव व स्वच्छ ऐकू येतो ते शोधावे. सबवूफरची जागा तीच. हा प्रकार पाहणाऱ्यांना हास्यास्पद वाटतो, पण याला एक पैसाही लागत नाही. दुसरा सबवूफर घ्यायचा तो अधिक दणक्यासाठी नव्हे, तर सोफ्याच्या दोन्ही टोकांना खर्ज सारखा पोहोचावा म्हणून. एकटेच पाहणाऱ्याला त्याची गरज क्वचितच भासते.

टाळी वाजवल्यावर खोलीत झणझणता पडसाद उमटत असेल, तर जाड गालिचा, भरीव पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो, तो महागड्या यंत्रानेही पडत नाही. खर्जाची घुमी मात्र गालिचाने कमी होत नाही. तिच्यासाठी सबवूफरची जागा आणि रिसीव्हरसोबतच्या मायक्रोफोनने केलेली ध्वनिदुरुस्ती यांवरच भिस्त ठेवावी.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटवर भुलू नये. ५० वॉटचे १०० वॉट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. केबलबाबत तर अगदी थोडक्यात सांगता येते: एचडीएमआय केबल योग्य क्षमतेची असली आणि चित्र वा आवाज तुटत नसला, तर महागड्या केबलने ध्वनी अधिक गोड होत नाही, स्पीकरच्या तारा पुरेशा जाड, तांब्याच्या आणि घट्ट जोडलेल्या असल्या म्हणजे झाले.

आवाज वरूनही येत असल्याचा भास देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी छताकडे तोंड करणारे स्पीकर परावर्तनावर अवलंबून असल्यामुळे छत सपाट आणि कठीण नसेल तर ते घेऊ नयेत. रिसीव्हर बदलण्याचे खरे कारण बहुधा सोयींचे असते: टीव्हीवरून संकोचनात काही न गमावलेला बहुवाहिनी ध्वनी रिसीव्हरला पोहोचवायचा असेल, तर दोन्हीकडे ई-आर्क (एचडीएमआय केबलवरून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या आर्क या सोयीची सुधारित आवृत्ती) लागते, साधे आर्क त्याला पुरत नाही.

विकत घेण्यापूर्वी दोन स्पीकरची तुलना करायची असेल, तर दोघांचा आवाज मोबाइलमधील ध्वनिमापकाने सारख्या पातळीवर आणावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला अधिक चांगला वाटतो. शक्य असल्यास ही तुलना दुकानात न करता, परत करण्याची मुदत पदरात पाडून, आपल्याच खोलीत करावी.