कॉर्सिरा वाढवायचा कसा

तांदळाला जाळी लागली की आई पोतं अंगणात उपडं करते आणि माझ्याकडे रोखून बघते. ती जाळी करणारा पतंग म्हणजेच कॉर्सिरा, आणि तोच मी शेडमध्ये पेट्या भरभरून वाढवतो. त्याच्या अंड्यांवर मी ट्रायकोग्रामा, म्हणजे किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा चिमुकला मित्रकीटक, पोसतो आणि ती अंडी चिकटवलेली कार्डं खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी उसाला जातात.

एका पेटीला अडीच किलो ज्वारीचा भरडा घ्या. दाण्याचे दोन-तीन तुकडे पुरेत, पीठ करू नका. तो 100 अंशांवर अर्धा तास तापवला की आधीचे किडे मरतात. गार झाल्यावर 100 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, 5 ग्रॅम यीस्ट आणि 5 ग्रॅम गंधक मिसळा. गंधकाने कोळी येत नाहीत. वरून कॉर्सिराची अर्धा सीसी अंडी भुरभुरा. लोभाने जास्त घातलीत तर खाणं पुरत नाही नि पतंग बारके निघतात.

पेटीवर कापड घट्ट बांधा. इथे मी चांगला मार खाल्लाय. एका कापडाची शिवण कोपऱ्यात उसवलेली, मला दिसली नाही, आणि ब्रॅकॉन नावाचा गांधीलमाशीसारखा छोटा कीटक आत शिरला. हाही मित्रकीटकच, शेतात. इथे मात्र वैरी. अळीला डंख मारून लुळी करतो आणि तिच्यावरच अंडी घालतो. भरडा उकरला तर जाळ्यात पांढऱ्या कोशांचे झुबके! तीन पेट्या जाळल्या.

चाळीसेक दिवसांनी पतंग निघू लागतात. ते गोळा करताना मास्क हवाच. पंखांचे खवले छातीत जाऊन दमा लागतो. मादी ओळखायची तर तोंडाकडे बघा, पुढे चोचीसारखं टोक आलेलं असतं. नराचं बोथट.

पतंग जाळीच्या तळाच्या बादलीत ठेवा, अंडी खालच्या कागदावर पडतात. चाळून खवले-पाय काढा, डिंक लावलेल्या कार्डावर पसरा आणि 15 वॅटच्या यूव्ही दिव्याखाली दोन फुटांवर पाऊण तास धरा. हे विसरलात तर अळ्या निघतात आणि शेजारची अंडी फस्त करतात. मग कार्ड ट्रायकोग्रामाला द्या, पण दुसऱ्या खोलीत. तो कॉर्सिराच्या खोलीत शिरला तर पुढच्या पेट्यांसाठी राखलेली बियाण्याची अंडीही गेली.

तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात. कार्ड तेव्हाच शेतकऱ्याच्या हातात द्यायचं आणि तुकडे पानाच्या खालच्या बाजूला टाचायला सांगायचं, कारण सातव्या-आठव्या दिवशी ट्रायकोग्रामा बाहेर पडतो. परवा एकाने कार्ड गाडीच्या डिकीतच ठेवलं होतं.