कंपनीचं ट्रेनिंग: हो म्हणण्याआधी हिशेब कसा मांडावा

ट्रेनिंगचं पत्र हातात पडलं की पहिलं काम म्हणजे शिकलेलं दुसरीकडे चालेल का, ते पाहणं. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हाच भेद मांडला. व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीकृत मशीन) सेटिंग चाकणला शिकलात तरी वाळूजला चालतं. म्हणून अशा शिक्षणावर मालक हात आखडता घेतो आणि खर्च कामगाराच्याच पगारातून निघतो. अप्रेंटिसचं विद्यावेतन तुटपुंजं असतं त्याचं हेही एक कारण. उलट कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर शिकायचं असेल, तर गेटबाहेर त्याला किंमत नाही. त्यासाठी खिशातून रुपयाही घालू नका.

मग खरा खर्च लिहून काढा. समजा, तुमच्या वाट्याची फी २५,००० रुपये, बुडालेला ओव्हरटाइम ६,००० आणि जाण्यायेण्याचे १,०००. एकूण ३२,०००. ऑपरेटरचा सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) झाल्यावर महिना २,००० वाढले, तर १६ महिन्यांत पैसे वसूल. वाढीचं आश्वासन नुसतं तोंडी असेल तर ती शून्य धरा.

आता वय. पन्नाशी उलटलेला माणूस 'आता कुठे शिकत बसू' म्हणतो आणि सुपरवायझरही मान डोलावतो. आकडे मात्र वेगळं सांगतात. वय ५२, निवृत्ती ५८ ला, म्हणजे ७२ महिने. वरच्याच हिशेबाने १,४४,००० रुपये येतात, जातात ३२,०००. पंचविशीतल्या पोरासमोर कागदावर ३३ वर्षं असतात खरी, पण तेवढी वर्षं एकच मशीन आणि एकच कंट्रोल कुठे टिकतंय? त्यालाही मधे पुन्हा शिकावंच लागणार. शिवाय कंपनीच्या दृष्टीने माणूस निवृत्त कधी होतो यापेक्षा सोडून कधी जातो हे महत्त्वाचं. हजार रुपये जास्त मिळाले की पोरगा शेजारच्या कंपनीत. घराचे हप्ते फेडणारा पन्नाशीतला माणूस सहसा हलत नाही. यादीत नाव नसेल तर एचआरकडे हाच मुद्दा घेऊन जा, ज्येष्ठतेचा मान मागू नका.

बॉंड असेल, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, तर सही त्याच दिवशी करू नका. 'बॉंडला कोर्टात किंमत नाही' हा कँटीनमधला सल्ला धोक्याचा आहे: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अट, तीन वर्षं नोकरी नाहीतर २ लाख रुपये, वैध ठरवली. रक्कम ट्रेनिंगच्या खर्चाच्या आसपास आहे का, ते बघा. भरलेल्या महिन्यांप्रमाणे ती कमी होत जावी, असं लिहून मागा. तीन वर्षांपैकी दोन भरली तर एक तृतीयांशच उरावी. कंपनीनेच काढून टाकलं तर ती माफ, हे वाक्य नसेल तर घालून घ्या. मूळ सर्टिफिकेटं मागितली तर झेरॉक्स द्या.

ट्रेनिंग संपल्यावर प्रमाणपत्र स्वतःच्या नावाने, कोर्सचं नाव आणि तारखांसह मागून घ्या. 'समाधानकारक सहभाग' एवढंच लिहिलेल्या कागदाला पुढच्या मुलाखतीत कोणी विचारत नाही.