वेल्श पूर्वज शोधताय? मग या चुका टाळा

लग्न होऊन वेल्समध्ये, कार्डिफला आले आणि हौसेनं सासरची वंशावळ काढायला बसले. आता ओळखीतलं कुणी ना कुणी आपली वंशावळ दाखवायला घेऊन येतं. बहुतेकांची गाडी एकाच जागी घसरलेली असते.

ती जागा म्हणजे नाव. नाव जुळलं की माणूस सापडला, असं धरून लोक पुढं पळतात. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांनीच गावंच्या गावं भरलेली. तिथं नुसत्या नावावर माणूस शोधणं म्हणजे सांगलीत उतरून 'पाटलांचं घर कुठं?' असं विचारणं.

मीही हेच केलं होतं. सासऱ्यांचे खापरपणजोबा, नाव बदलून सांगते, इव्हान डेव्हिस. कार्डिगनशायरमधले, म्हणजे आजच्या केरेडिगिऑनमधले. १८५१ च्या जनगणनेत वय ३६, जन्म लानगेइथो पॅरिशमधला (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर). तिथल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत १८१५ साली 'इव्हान, थॉमस डेव्हिसचा मुलगा' मिळाला. झालं! त्या थॉमसच्या मागं आणखी चार पिढ्या लावल्या आणि नाताळला सासऱ्यांना फ्रेम करून दिली. वर्षभरानं भलतंच काही शोधताना दफनाची नोंदवही चाळत होते. तर तोच इव्हान, राहण्याचं ठिकाण म्हणून तेच शेत, वय ४. चार वर्षांच्या पोराचा वंश मी दिवाणखान्यात टांगला होता.

तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की मी आधी त्या मुलाचं दफन शोधते. पुढच्या दहा वर्षांची पानं चाळायला एक संध्याकाळ जाते. १८१३ पासून छापील नोंदवह्या आल्या. दफनाच्या वहीत वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, त्यामुळे शंकेला फारशी जागा राहत नाही. एवढा धीर नसेल तर कृपा करून दुसरा छंद शोधा.

मग खरा इव्हान कुठला? त्यासाठी विवाहाचा दाखला मागवावा लागला. पैसे वाचवायला तो मी आधी मागवलाच नव्हता. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि त्या दाखल्यावर वर-वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. यावर होतं: डेव्हिड जेंकिन्स, शेतकरी. मुलगा डेव्हिस आणि बाप जेंकिन्स! कारकुनाची चूक म्हणून मी तो कागद दोन महिने बाजूला ठेवला.

चूक माझीच होती. वेल्समध्ये आडनाव ही तशी उशिराची गोष्ट. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते शेवटी लावत. डेव्हिडचा मुलगा म्हणून डेव्हिस. 'अप' म्हणजे 'चा मुलगा'. अप रीसचं प्राइस झालं, अप हॉवेलचं पॉवेल. बड्या घरांनी आडनावं लवकर कायम केली, पण पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या खेड्यांत ही रीत एकोणिसाव्या शतकातही रेंगाळत होती. त्यामुळे एकच आडनाव धरून मागं मागं जाणारे एका टप्प्यानंतर परक्या घरात शिरतात. माझा इव्हान 'डेव्हिड जेंकिनचा मुलगा' म्हणून बाप्तिस्म्याच्या त्याच पानावर, तीन ओळी खाली बसला होता.

आता माझ्या वहीत माणसं आडनावावर नाही, शेताच्या नावावर लावलेली असतात. गावातही त्यांना शेताच्या नावानंच ओळखत. जनगणना, १८१३ नंतरचे बाप्तिस्मे, थडगी, सगळीकडे ते नाव भेटतं. अॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सनं १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं फुकट ऑनलाइन ठेवलीत. त्यांत शेत, मुलं, जावई सगळे एका कागदावर मिळतात. तरी कुणी बघत नाही.

बाकीचं थोडक्यात. १८४१ च्या जनगणनेतलं वय खरं मानू नका. पंधराच्या वरची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे '२५' लिहिलेला २९ चाही असू शकतो. घराणं चॅपलचं, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या पंथाचं, म्हणून विवाह चॅपलच्या वहीत शोधू नका. १७५४ ते १८३७ मध्ये क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच लग्न लावावं लागे. जनगणनेत 'सन-इन-लॉ', म्हणजे जावई, लिहिलेला पोरगा दहा वर्षांचा असेल तर दचकू नका, तो सावत्र मुलगा आहे; तेव्हा त्यालाही सन-इन-लॉच म्हणत. लानफेअर म्हणजे मेरीचं चर्च, अशी गावं ढीगभर, तेव्हा नुसतं 'लानफेअर' लिहून मला पाठवू नका. आणि थडग्यावरचं 'हेव्हिद' हे मुलाचं नाव नव्हे, वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'तसंच', 'शिवाय'. हो, एका वंशावळीत तो मुलगा म्हणून आला होता.

शेवटची चूक, दुसऱ्यांच्या ऑनलाइन वंशावळी उचलण्याची. माझी ती थॉमसची वंशावळ मी मोठ्या अभिमानानं वर चढवली होती. चूक कळल्यावर काढून टाकली, पण तोवर बऱ्याच जणांनी ती उतरवून घेतली होती. प्रत्येकाला लिहिलं. दोघांनी दुरुस्त केली. बाकीच्यांकडे चार वर्षांचा तो इव्हान आजही सात मुलांचा बाप आहे.